माळ, मुकादम आणि मुक्कामी गाडी

वाचकांची पत्रं : दारू सोडलेल्या एका निवृत्त कंडक्टरची उत्तरं

या महिन्यात तीन पत्रं घेतली आहेत. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली, माझंही देत नाही. मी डॉक्टर नाही, कीर्तनकार तर नाहीच. लातूर जिल्ह्यात एसटीत कंडक्टर होतो आणि २००६ च्या श्रावणापासून प्यालेलो नाही. सांगतो ते एवढ्याच अधिकारानं. पहिलं उत्तर परभणीकडच्या ताईंना, कारण तिथं घाई आहे.

प्रश्न : आमचे मालक रोज देशी घेतात. सकाळी उठल्या उठल्या लागते, नाही मिळाली तर हात कापतात. शेजारच्या गावात एक बाबा दीड हजाराला पुडी देतो. चहातून द्यायची, पिणाऱ्याला कळू द्यायचं नाही, तीन दिवसांत दारू सुटते म्हणतो. जावेनं दिली, तिच्या घरात फरक पडला. मला पुडीचं भ्या वाटतं आणि नाही दिली तर देवानं दाखवलेला रस्ता मीच नाकारला असंही वाटतं. देऊ का?

उत्तर : देऊ नका, ताई. आणली असेल तर मोरीत ओता.

पुडीत काय आहे ते त्या बाबालाच ठाऊक. त्यात डायसल्फिरमची गोळी कुटून घातलेली असू शकते. औषध खरं आहे, डॉक्टर देतात, पण माणसाला सांगून, त्याची तयारी असताना, तपासण्या करून. ते पोटात असताना दारू प्यालं की तोंड लालबुंद होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो, आणि कधी कधी माणूस जातो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका असतो. तुमच्या मालकांना माहीतच नसेल तर ते संध्याकाळी नेहमीसारखे गुत्त्यावर जाणार. पुढचं मी लिहीत नाही.

आणि ते "तीन दिवसांत सुटते". सकाळी हात कापणाऱ्या माणसाची दारू घरच्या घरी एकदम तोडणं हेसुद्धा धोक्याचं आहे. सहा-आठ तासांत थरथर आणि घाम सुरू होतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, नाही ते दिसतं. मी सरकारी दवाखान्यात होतो म्हणून वाचलो. तिसऱ्या रात्री मला वॉर्डाचं छत खाली येताना दिसलं. हळूहळू, पायली उपडी घालावी तसं. हातातली सलाईनची सुई उपसून मी व्हरांड्यापर्यंत पळालो, मागं रक्ताचे थेंब. (मला छतच का दिसलं ते खालच्या उत्तरात येईल.) तर त्यांना दवाखान्यात न्या. आधी १४४४६ वर फोन करा, व्यसनमुक्तीची सरकारी मोफत लाईन आहे, जवळची सोय सांगतात. तुमचं स्वतःचं मन फार खचलं तर १४४१६, टेलिमानस. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाच्या वेगळ्या सभा असतात. मालक आले नाही आले तरी तुम्ही जाऊ शकता.

देवानं दाखवलेल्या रस्त्याचं म्हणाल, तर तो दीड हजार घेऊन दाखवत नसावा. चोरून द्यायला तर नक्कीच सांगत नसावा.

प्रश्न : मी केज तालुक्यातला, वय ३४. वैशाखात दारू सोडली, पाच महिने होत आले. आषाढीला आईनं पंढरपुरात माळ घालायला लावली. प्यावंसं फारसं वाटत नाही, पण भ्या गेलं नाही, उलट वाढलं. रात्री दोनला छाती धडधडून जाग येते. दसरा झाला की टोळीबरोबर ऊसतोडीला जायचंय, मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बसलोय. फडावर रोज संध्याकाळी सगळे घेतात. माझ्याकडून माळ बाटली तर देव सोडणार नाही असं वाटतं. मागं एका दोस्तानं ग्लास पुढं केला, मी नुसता वास घेतला आणि खाली ठेवला. त्याच आठवड्यात पोरीला ताप आला. तो माझ्यामुळं का? सगळे म्हणतात श्रद्धा ठेव, भीती जाईल. ठेवली की. मग जात का नाही?

उत्तर : भाऊ, पोरीचा ताप आधी. तो तुमच्या वास घेण्यानं आलेला नाही. भाद्रपदात डबकी साचतात, डास होतात, घरोघरी लेकरं तापतात, आणि त्यातल्या कितीतरी घरांत दारूचा थेंब नसतो. अजून ताप असेल तर रक्त तपासून घ्या. अंगारा लावायचा तर लावा, पण तपासून आल्यावर.

रात्रीची धडधड. दारू सोडल्यावर कित्येकांना झोप तुटणं, घाबरं होणं, उगाच चिडणं हे महिनोन्महिने पुरतं. त्याला श्रद्धा कमी पडली असं समजू नका, अंग सावरायला वेळ घेतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर बघतात. मलाही त्या पाटीखालून आत जायला लाज वाटली होती, दोन चकरा मारून परत फिरलो होतो. जाल तेव्हा आपण पिणारे होतो हे पहिल्याच वाक्यात सांगा. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, आपल्यासारख्याला लवकर लागते.

आता माळ. इथं मला माझंच सांगावं लागेल, आणि ते जरा लांबेल.

२९ सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशी. माझी मुक्कामी गाडी होती. म्हणजे रात्रीची शेवटची गाडी आडगावाला जायची, तिथंच थांबायची आणि पहाटे पहिली गाडी म्हणून निघायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे. गावाचं विसर्जन रात्री उशिरापर्यंत चाललं. मीही दोन घटका नाचलो आणि मागच्या लांब सीटवर आडवा झालो. प्यालेलो नव्हतो, तेव्हा मी पीतच नव्हतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी गाडी गदगदा हलली. मला वाटलं, पोरं चेष्टेनं ढकलतायत. झोपेतच शिवी घातली. मग भांड्यांचा आवाज आला, कुत्र्यांचा, आणि मग माणसांचा.

माझं गाव किल्लारीच्या अंगाला. घर माळवदाचं. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असलं गार घर दुसरं नाही. आई-वडील शेतातल्या कोप्यावर होते म्हणून राहिले. आजी आणि धाकटा भाऊ घरात होते. मी पत्र्याच्या गाडीत झोपलो म्हणून राहिलो.

पुढं महिनाभर एकच चर्चा, हा भूकंप कुणाच्या पापानं झाला. ज्याला आदल्या संध्याकाळी "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणून निरोप दिला त्यानंच पहाटे घर पाडलं, असं माझ्या डोक्यात बसलं. भूगर्भात काय होतं ते नंतर वाचलं, पटलंही, पण डोक्यात बसलेलं वाचण्यानं उठत नाही. ५२ गावं नव्यानं वसवली, त्यात आमचंही. सिमेंटची घरं मिळाली आणि माणसं अंगणात झोपू लागली. दोन-तीन वर्षांत बाकीचे आत गेले. मला आत जायला नाईन्टी लागायची. पुढं क्वार्टर. मग सकाळी गाडीवर जायलाही. छताची भीती घालवायला दारू घेतली होती, आता दारू कुणाला कळेल याची भीती घालवायलाही घेत होतो. आगाराची रोख भरायची त्यातनं पीत होतो. तिकिटामागं उरलेले पैसे लिहून द्यायचे आणि उतरताना प्रवासी विसरला की ते माझे. शेवटी तूट निघाली, निलंबित झालो. चूक माझीच होती.

माळ मी दोनदा घातली. पहिली १९९९ च्या आषाढीला, सात आठवडे टिकली. दुसरी २००३ च्या कार्तिकीला. दोन्ही वेळा भ्यानं घातली. घर पडलंय, आता आणखी काही पडू नये म्हणून. दुसऱ्या खेपेला प्यायच्या आधी मी माळ काढली आणि चामडी पिशवीत, सुट्ट्या पैशाच्या कप्प्यात टाकली. देवाला दिसू नये म्हणून! हसा खुशाल. दुसऱ्या दिवशी औसा रोडला एका म्हातारीला सुट्टे द्यायला कप्प्यात बोटं घातली, तर नाण्यांबरोबर माळ वर आली.

"आरं लेकरा, ही माळ कुणाची रं?"

मी म्हणालो, "कुण्या पासिंजरची पडली असंल."

तिनं ती माझ्या हातातनं घेतली, कपाळाला लावली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि परत दिली. "सांभाळून ठिव. हुडकत यील तो." दोन थांबे पुढं उतरून गेली. त्या रात्री मी आयुष्यात प्यालो नव्हतो एवढं प्यालो. मोडलीच आहे तर आता काय, असं म्हणून. हे "आता काय" नीट बघा. पहिला ग्लास माणूस सवयीनं घेतो. पुढचे पंधरा दिवस देवाचं तोंड चुकवायला घेतो.

दवाखान्यातून सुटल्यावर एका कंपाउंडरनं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू बघणारे एकमेकांना धरून बसतात त्या, सभेचा पत्ता दिला. प्राथमिक शाळेचा वर्ग, पहिली-दुसरीचा. फळ्यावर सतराचा पाढा, आणि बाकं एवढी बुटकी की गुडघे छातीला. तिथं एक टेलर चाचा भेटले. नाव सांगायचा तिथं रिवाज नाही, आणि आता ते नाहीतही. पाच वेळा नमाज पढणारे, चौदा वर्षं न प्यालेले. त्यांनी मला एक काम सांगितलं. ज्या ज्या गोष्टीचं भ्या वाटतं ते लिहून आण, लहानमोठं काही सोडू नको. दारू सोडायच्या बारा पायऱ्या या सभांत सांगतात, त्यातली चौथी ही अशी आहे, आपल्या आतला हिशेब कागदावर मांडायचा. कंडक्टरला हिशेबाचा कागद म्हणजे वेबिल. जुन्या वेबिलाच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. छत. पहाटेचे चार. फोनची घंटी. कॅशियर. पगाराचा दिवस. बायको भांडते ते नाही, गप्प बसते ते. पोराच्या शाळेतलं गॅदरिंग. असे एकतीस निघाले.

दुकानाचं शटर अर्धं ओढून मी वाचत होतो, ते कुणाच्या तरी सदऱ्याला काजं करत होते. मान वर केली नाही. मध्येच म्हणाले, "उन्नीस नंबर फिर से पढ."

एकोणिसावं होतं, देव.

लिहिताना माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. छत, कॅशियर, गॅदरिंग, तसाच देव. चाचांनी सुई दातात धरली, म्हणाले, "उससे इत्ता कायकू डरता रे? तेरा भगवान चेकिंगवाला है क्या?"

ज्यांनी एसटीत काढली त्यांना हे लागेल तसं इतरांना लागणार नाही. तपासणी पथकाचा साहेब कुठल्या थांब्यावर चढेल सांगता येत नाही. चढला की तिकिटं मोजणार, पिशवी मोजणार, तुमची चूक शोधायलाच आलेला असणार. माझा देव नेमका तसा झाला होता. अशा देवाचं नाव घेतल्यानं धीर यायचा कसा? मी रोज घेत होतो आणि रोज जास्त घाबरत होतो. तुमची श्रद्धा आहेच, भाऊ, पण ती कुणावर ठेवलीय ते बघा. तुमच्या पत्रात देव मुकादमासारखा आलाय. त्याच्याकडनं उचल घेतलीय, आता हंगामभर राबून फेडायची, एक दिवस खाडा झाला तर तो दारात येणार आणि पोरीला उचलून नेणार. इठोबाला असला धंदा करताना मी तरी पाहिलं नाही. कमरेवर हात ठेवून उभा आहे, हातात वही नाही.

मग मी काय केलं? चाचा म्हणाले, साहेब म्हणून चढू देऊ नको, पासिंजर म्हणून चढव, शेजारी बसव. मला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. पण दुसरं काही सुचत नव्हतं. रोज रात्री घड्याळ लावून दहा मिनिटं स्लॅबखाली पडायचं ठरलं. दार उघडं, बायको उंबऱ्यावर बसलेली. मी वाकळेवर एका कडेला सरकून पडायचो, शेजारची जागा मोकळी ठेवायचो. तिनं विचारलं, ही कुणाला? म्हटलं, पासिंजर हाय एक. पहिल्या रात्री चौथ्या मिनिटाला बाहेर पळालो. घामानं बनियन भिजलं होतं. दुसऱ्या दिवशी चाचांना तसंच सांगितलं, चार मिनिटं. ते म्हणाले, कल पाँच. रोज आत जायचं आणि रोज एका माणसाला खरं सांगायचं, एवढंच चाललं होतं. पोळा गेला, दसरा गेला, दहाची वीस झाली, तासही झाला. दिवाळीनंतर एकदा अवकाळी आला, दार वाऱ्यानं आपटलं आणि त्या आवाजानं मला जाग आली, तर उजाडलेलं. मी आतच होतो.

भीती गेली का, असं विचाराल. अजून खाट दाराशीच आहे. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या आत आपोआप जाग येते, मी अंगणात जाऊन बसतो, भाऊ आठवतो. त्यासाठी प्यावं लागत नाही. माळ पुन्हा घातली नाही. निवृत्त झालो तेव्हा पिशवी आगारात जमा केली, कप्प्यातली माळ तेवढी काढून आणली. देव्हाऱ्यात आहे. घालावीशी वाटली तर घालीन. तुम्ही मात्र माझं बघून काढू नका, घातलीय ती राहू द्या. दोरा तुटला तर मणी गोळा करून पुन्हा ओवतात, टाकून देत नाहीत. आईला विचारा, त्यांनी कितीदा ओवली असेल.

फडाचं बोलू. तोडीला गेलोच पाहिजे का, हे आधी घरात बोला. उचल घेतलीय म्हणजे बहुधा जावंच लागेल, मला कळतं. मग निघायच्या आधी टोळीतल्या एकाला, एकालाच, सांगून ठेवा की मी सोडलीय आणि मला भ्या वाटतंय. मुकादमाला सांगून खर्ची, म्हणजे हंगामात खर्चाला मिळणारे पैसे, बायकोच्या हातात द्यायला लावा. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, तो दोघांचा आहे, तर खर्चीही दोघांची. खर्चीचा दिवस आणि बाजाराचा दिवस हे दोन सांभाळले तर पुष्कळ झालं. उसाची गाडी भरून रात्री अंग ठेचल्यासारखं होतं, त्या वेळी "अंगदुखीला थोडी" म्हणून ग्लास येतो. तो सगळ्यात फसवा. त्या वेळेला कोपीत गरम पाणी आणि पोटात भाकरी आधीच असू द्या, उपाशीपोटी माणूस लवकर हो म्हणतो. रात्री दोनला जाग आली तर पडून राहू नका. उठा, पोरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं करा, आणि ज्याला सांगून ठेवलंय त्याला सकाळी सांगा की रात्री असं झालं.

आणि समजा प्यालात. तर त्याच रात्री नाही जमलं तरी सकाळी कुणाला तरी फोन करा. "आता काय" म्हणून दुसरा दिवस प्यायचा नाही. एक दिवस प्यालात म्हणून पोरीला काही होणार नाही. पुढं पितच राहिलात तर काय होतं ते तुम्ही बघितलेलं आहे.

गावाकडच्या उधाऱ्यांची यादी जमलं तर निघायच्या आधी करा. माझी भीती निम्मी उधारीचीच निघाली. प्रवाशांचे बुडवलेले सुट्टे परत द्यायला प्रवासी कुठून आणू? पुढं नोकरीवर परत घेतल्यावर शाळेच्या पोरांना कमी पडले की माझ्या खिशातले घालायचो. किती घातले त्याचा हिशेब ठेवला नाही, चाचांनीच ठेवू दिला नाही.

प्रश्न : वय ४१, नांदेडला शिक्षक आहे. दीड महिना झाला, प्यालेलो नाही, पण एकटं पडल्यासारखं वाटतं. एका सभेला गेलो होतो. तिथं देव आला आणि मी उठून आलो. मी देव मानत नाही, मानण्याचं सोंगही मला जमणार नाही. माझ्यासारख्यानं काय करावं?

उत्तर : सर, सोंग करू नका. सोंगाची आपल्याला पिताना भरपूर सवय झालेली असते.

त्या पायऱ्यांत देव आहे हे खरं, पण शब्द "आम्हाला जसा समजला तसा" असे आहेत. आमच्या सभेत एक जण समोरच्या बाकावरच्या सगळ्यांनाच ती ताकद समजतो, कारण त्याला एकट्याला जमत नव्हतं ते यांच्यात बसून जमतं. कुणी त्याला हटकलेलं नाही. तेवढ्यावर त्याची अकरा वर्षं झाली.

या सभांच्या सुरुवातीची गोष्ट तुम्हाला शिक्षक म्हणून आवडेल. १९३५ चा मे महिना, अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाचं गाव. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला बिल विल्सन धंद्याच्या कामाला आला होता, काम फसलं. वरच्या पत्रातल्या केजच्या भावासारखेच त्यालाही दारू सोडून पाच महिने झाले होते. हॉटेलच्या दिवाणखान्यात एका बाजूला बार, हसण्याचे आवाज, दुसऱ्या बाजूला फोन. माणूस घाबरला. त्याला वाटलं, आता मला दुसरा एखादा पिणारा भेटला पाहिजे, त्याच्याशी बोललो तरच मी राहीन. त्यानं फोन फिरवले आणि त्यातून दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॉब स्मिथ नावाच्या शल्यविशारदाची गाठ पडली. तोही पिणारा. पाव तास बसतो म्हणून आलेला डॉक्टर कित्येक तास बसला. त्याची शेवटची दारू १० जूनची, आणि तोच दिवस या सगळ्याची सुरुवात धरतात. देव त्या दोघांच्या बोलण्यात होता का? होता. पण त्या संध्याकाळी बिलनं फोन उचलला तो दुसऱ्या दारुड्यासाठी. तेवढं तर तुम्हाला करता येईल?

नांदेडला एकीकडं नाही जमलं तर दुसरी सभा बघा, प्रत्येक ठिकाणची माणसं वेगळी असतात. देव आला की बाहेर जाऊन चहा पिऊन परत आलात तरी चालेल, मी सुरुवातीचे दोन महिने तसंच केलं. आणि लातूरला कधी आलात तर मागच्या भिंतीकडची जागा धरा. तिथं एक बाक चौथीच्या वर्गातनं आणलेलं आहे, गुडघे मावतात.